शेवटची अकरा पानं

सरू गेली त्याच्या दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही. तिचं काय राहिलं होतं, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी बोलले नाही.

हे आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. तुम्हाला सांगते — पण सावकाश सांगते, चालेल ना?

पंचवटीत आमची घरं समोरासमोर. दहावीनंतर सरू वडिलांच्या भाजीच्या गाळ्यावर बसू लागली, मी कॉलेजात गेले. वाचनालयाचं कार्ड माझ्या नावावर, पुस्तक मात्र दोघींचं. आधी मी वाचायचे, मग ती — मेथीच्या जुड्या बांधता बांधता.

एकदा एक कादंबरी आणली. सतरा वर्षांची मुलगी घर सोडून शहरात निघते, सुख कुठे असतं ते बघायला. सरूने ती चार दिवस खाली ठेवली नाही. त्याच आठवड्यात तिला वणीचं स्थळ सांगून आलं. आणि पुण्याच्या नर्सिंगचा फॉर्म तिने आधीच भरून त्या पुस्तकात ठेवलेला. वडील म्हणाले, "तुझं तू ठरव. पण सोमवारपर्यंत."

शनिवारी पुस्तक परत करायचं होतं, पुढचा वाचक थांबला होता. तिची अकरा पानं राहिलेली.

"ए मास्तरीण, शेवट सांग ना. ती सुखी होते का गं?"

मला काय झालं? — ही पुण्याला गेली तर संध्याकाळी मी कुणाशी बोलायचं, एवढंच मनात आलं. वणी जवळ होती. वणीहून ती येत राहिली असती.

"नाही गं," मी म्हणाले. "फार हाल होतात तिचे. परत येते. घरीच सुखी होते."

"बघ, म्हणजे मीच येडी," ती हसली. आणि त्या फॉर्ममध्ये समोरच्या बाईला मिरच्या बांधून दिल्या.

ती मुलगी परत येत नाही. शेवटच्या पानावर ती भाड्याच्या खोलीचं कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडते. सुखी होते की नाही, ते लिहिलेलंच नाही.

एका पुस्तकावरून कुणी आयुष्य ठरवतं का? — हा प्रश्न मी स्वतःला किती वर्षं विचारला. सोयीचा प्रश्न होता. आता मी कॉलेजात मराठी शिकवते. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या कादंबऱ्यांवर बोलते. जग त्यांचं निरागसपण कसं हिरावून घेतं, ते फळ्यावर लिहिते. माझं कुणी हिरावलं होतं? भर दुपारी, भाजीच्या गाळ्यासमोर, मी ते आपण होऊन टाकलं. आणि घरी जाऊन पोटभर जेवले.

सरूचा संसार वाईट होता असं नाही. ती त्याबद्दल बोलायचीच नाही. आजारी पडली तेव्हा मात्र म्हणाली, "ते पुस्तक मिळालं तर आण ना. शेवट एकदा माझ्या डोळ्यांनी वाचते." मी म्हणाले, इतकं जुनं पुस्तक आता कुठे मिळणार. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली त्याची एक प्रत माझ्या कपाटात होती.

दहाव्याला सगळे वणीहून गोदावरीवर आले. पिंड ठेवले, माणसं मागे सरली. कावळे कठड्यावर ओळीने बसलेले. एकही उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात, म्हणून एकेक जण हात जोडून शब्द देऊ लागला.

"सरे, पोरीला आम्ही बघू, तू नको काळजी करू," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनीला चहा लय लागायचा. चहा ठेवा की," दीर म्हणाला.

चहा आला, निवला. ऊन चढलं. सरूची मुलगी — तीही सतरा वर्षांची — माझ्याजवळ आली.

"मावशी, आई तुम्हाला तर सगळं सांगायची. तिचं काही राहिलं होतं का?"

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. त्या वेळी होता. नुसतं म्हणायचं होतं — सरू, ती परत येत नाही. चार शब्द.

"नाही गं," मी म्हणाले. "काही नाही."

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. माणसं पांगली.

पुस्तक कपाटात आहे. सरूची मुलगी अधूनमधून फोन करते. मला मावशी म्हणते.