बेसिनखाली पडून बोललेलं वाक्य

"हे कुठल्या गाढवानं केलंय?"

वॉश बेसिनखालच्या छोट्या कपाटात डोकं आणि एक खांदा घालून मी पाठीवर पडलो होतो. छातीवर मोबाइलचा टॉर्च. वरून नाकाच्या शेंड्यावर थेंब पडत होता. प्रश्नाचं उत्तर मला नको होतं. आमच्या लाईनीत हे वाक्य म्हणजे कामाची सुरुवात असते. प्लंबर असो, वायरमन असो, सुतार असो, नव्या गिऱ्हाइकाकडे गेलं की अगोदरच्या माणसाच्या कामाला आधी नावं ठेवायची. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मिस्त्री सांगायचे, आत वाकलास की पहिल्यांदा 'च्यक्' कर, मग बोल. गिऱ्हाईक घाबरतं, आधीच्या माणसाला विसरतं आणि आपलं होतं.

त्या दिवशी मात्र उत्तर आलं. बाथरूमच्या दारात दोन माणसं उभी होती. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाईंचे पाय जागचे हलले. म्हाताऱ्या माणसाचे पाय तसेच राहिले.

मग बाई हळूच म्हणाल्या, "बाबांनी केलंय ते."

घर पुण्याजवळच्या मारुंजीतलं. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट. मालक निलेश हिंजवडीला आयटीत, बायको प्राजक्ता मॅडम घरूनच काम करायच्या. बाबा म्हणजे निलेशचे वडील, आप्पा. मॅडमना मी ओळखत होतो, आप्पांना पहिल्यांदाच भेटत होतो. मूळचे महाळुंग्याचे. जमिनी कंपन्यांत गेल्या तेव्हा तिथल्याच एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. हे सगळं मला काम सुरू करायच्या आधी त्यांनीच सांगितलं होतं. एवढंच नाही, तर आपली पत्र्याची टूलबॉक्स उघडून दाखवली होती. रिटायर होताना खात्यातल्या पोरांनी वर्गणी काढून दिलेली. सगळे पाने तेल लावून, आकाराप्रमाणे ओळीत ठेवलेले. मी "मस्त आहे" म्हटलं आणि कपाटात शिरलो. म्हणजे बेसिनखालचं काम कोणी केलं असेल, हे मला कळायला हवं होतं. पण तोंडाला सवय लागलेली असते.

आता थोडं कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बेसिनखाली पांढरी प्लास्टिकची बाटली दिसते ना, तिला बॉटल ट्रॅप म्हणतात. तिच्यात थोडं पाणी कायम अडून राहतं, त्यामुळे ड्रेनेजचा वास वर येत नाही. केस, साबण, सगळा गाळही तिथेच साठतो. ट्रॅपच्या वर कपलिंग असतं. बेसिनच्या भोकातून खाली येणारा धातूचा तुकडा, ज्याच्या तोंडाला वरून जाळी दिसते. कपलिंग आणि बेसिन यांच्यामध्ये रबराचा वॉशर बसतो. आणि ट्रॅप कपलिंगला एका प्लास्टिकच्या नटाने जोडलेला असतो. हा नट हातानेच आवळायचा. पाना लावला की प्लास्टिकला चीर जाते.

आप्पांनी आदल्या आठवड्यात तुंबलेला ट्रॅप उघडून साफ केला होता आणि परत बसवला होता. तेव्हापासून थेंब थेंब गळत होतं. कपाटाचं प्लायवूड फुगलं होतं. नटावर पाइप पान्याचे दात स्वच्छ उमटले होते. कंपनीत लोखंडी पाइपांचे फ्लॅंज आवळणारा हात, शिवाय आता बोटांत जोर नाही, म्हणून त्यांनी पाना घेतला असणार.

"बघा मॅडम, दात दिसताहेत का?" मी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. "असं अडाणी काम केल्यावर गळणारच. पूर्ण ट्रॅप बदलावा लागेल."

'अडाणी' मी अनवधानाने म्हटलं का? नाही. आता ते बाबांचं काम आहे हे मला माहीत होतं. पण एकदा 'गाढव' बोलून गेल्यावर माघार घ्यायची लाज वाटली, म्हणून मी तेच पुढे रेटलं.

"बघा बाबा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्या बोलत होत्या काळजीनेच. "मागे पंखा काढायला स्टुलावर चढलात आणि पडलात. तेव्हाच ठरलं होतं ना, फक्त खालची छोटी कामं करायची?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

मॅडमना मीटिंग होती, त्या आतल्या खोलीत गेल्या. मी बादली लावून जुना ट्रॅप काढला, पिशवीतला नवा बसवला, नट हाताने आवळला. मग बेसिनचं तोंड बंद करून ते काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. नुसता नळ सोडून गळती कळत नाही, पाण्याचा जोर लागतो.

पाणी गेलं. मी नव्या ट्रॅपच्या नटाखाली बोट लावलं.

ओलं.

कोऱ्या ट्रॅपवरून, कोऱ्या नटावरून, अगदी तसाच थेंब. मग मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. सगळं पुसून कोरडं केलं आणि टिश्यू पेपरचा तुकडा वरून खाली लावत आलो. पाणी निघतं एकीकडून आणि टपकतं दुसरीकडून, त्यामुळे गळती नेहमी वरून शोधायची असते. कागद पहिल्याच जागी भिजला, अगदी वर, बेसिनच्या बुडाशी. कपलिंगचा रबरी वॉशर वाळून त्याला चिरा पडल्या होत्या. पाणी तिथून निघायचं, पाइपावरून ओघळायचं आणि नटावरून टपकायचं. आप्पांचा नट गळतीच्या खाली होता, एवढाच त्याचा दोष. मी बादलीजवळ टाकलेला जुना नट उचलून उजेडात धरला. दातांचे ओरखडे होते, पण चीर कुठेच नव्हती. पाना लावला होता खरा, पण जपून लावला होता.

वॉशर बदलायला कपलिंग सोडवावं लागतं. खालून कपलिंगचा नट फिरवताना वरची जाळी सोबत फिरते, म्हणून ती वरून कोणीतरी धरायला लागते. मी कपाटातून डोकं बाहेर काढलं. एकट्याने कसं जमवायचं याचा विचार करत होतो. तेवढ्यात आप्पा आत आले, पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन. त्यांनी तो जाळीत अडकवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"फिरव," ते म्हणाले.

मी फिरवला. जुना वॉशर काढला, नवा घातला, परत आवळला. जाळी तसूभरही हलली नाही. परत बेसिन भरून सोडलं. टिश्यू कोरडा निघाला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितला आणि कचऱ्यात टाकला. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मी वाट बघत होतो की आता ते मला बोलतील. ते नॅपकिनला हात पुसत राहिले.

मॅडम बाहेर आल्या. "झालं दादा?"

"झालं."

"म्हणजे बाबांनी पाना लावला, तिथूनच गळत होतं ना?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. 'नाही मॅडम, वॉशर गेला होता, बाबांचं काम ठीक होतं.' एवढंच. पण मग लगेच पुढचा प्रश्न आला असता, की ट्रॅप कशाला बदलला? आणि गाढव कोणाला म्हणालात? त्या सोसायटीतली निम्मी कामं मला मॅडमच्या ओळखीने मिळायची.

"हं," मी म्हणालो. "प्लास्टिकला पाना नाही चालत हो."

हे मी आप्पांच्या समोर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून बोललो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, "ऐकलंत ना बाबा? आता खरंच पुरे." आणि ते परत "व्हय" म्हणाले. लिफ्टमधल्या आरशात मला माझ्या तोंडाकडे बघवेना.

थोड्या दिवसांनी निलेशचा फोन आला. "दादा, बाबांची टूलबॉक्स घेऊन जाता का? घरात राहिली की ते काही ना काही काढतातच. तुमच्या तरी कामी येईल."

मला रात्रभर झोप लागली नाही असं म्हणणार नाही. झोप लागली. पण सकाळी उठल्याउठल्या पेटीच आठवली, आणि मी ठरवलं की आज सांगून टाकायचं.

गेलो तर पेटी दाराशीच ठेवलेली. आप्पा गॅलरीत खुर्चीवर होते. निलेश ऑफिसला निघायच्या घाईत होता, मॅडम स्वयंपाकघराच्या दारात. मी चपलाही न काढता बोलायला लागलो. गळती वॉशरची होती, ट्रॅप चांगला होता, आप्पांच्या नटाला चीरसुद्धा नव्हती. मीच न बघता बोललो आणि नंतर गप्प बसलो. पेटी नेणार नाही.

मॅडमचा चेहरा बदलला. "मग त्या दिवशी 'हं' का म्हणालात? मी बाबांना इतकं बोलले ते तुमच्या भरवशावर! हे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?"

"टाका," मी म्हणालो.

गॅलरीतून आप्पा उठून आले. सावकाश, भिंतीला हात लावत. माझ्या खांद्यावर हात ठेवून सुनेला म्हणाले, "तसं न्हाई बाय. मी म्होरंच हुतो की तवा. नट माझाच चुकला हुता. ह्यो पोरगा माझी लाज राखायला खोटं बोलतुय. पेटी नेताना वंगाळ वाटलं असंल त्याला."

मी "नाही, नाही" म्हणालो. पण ते मोठेपणाचं 'नाही' वाटावं, अशीच ती वेळ होती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो दादा, बाबांसाठी एवढं खोटं कशाला? बसा. चहा टाकते."

मी परत सांगू शकलो असतो. आवाज चढवून, पिशवीत राहिलेला जुना नट आणून दाखवून, काहीही करून. पण खांद्यावरच्या हाताने जरासं दाबलं. का दाबलं, हे मला आजही नीट कळलेलं नाही. माझं पोट त्या सोसायटीवर चालतं हे त्यांना ठाऊक होतं, की घरात आपल्यावरून आणखी बोलाचाली नको होती, की मुला-सुनेने एकदा ठरवलेलं आता बदलणार नाही हे ते ओळखून होते. मी बसलो. चहा घेतला. वर मॅडमने वाटीभर चिवडा दिला, तोही खाल्ला. निघताना आप्पांनीच पेटी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पावसाळ्यात गंजत्यात. तेल लावत जा."

ट्रॅपचा नट हाताने आवळायचा आणि गळती वरून खाली शोधायची, हे मला आधीही माहीत होतं. आता एवढंच बदललंय की नव्या घरात बेसिनखाली वाकलो की मी तोंड मिटून ठेवतो. गिऱ्हाइकांना वाटतं, हा प्लंबर घुम्या आहे.

त्या सोसायटीत कामं चालूच आहेत. मॅडमनी ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं ते चांगलंच लिहिलं, 'माणुसकी असलेला माणूस' असं. परवा तिथे सी विंगमध्ये बेसिनचंच काम होतं. आप्पा खाली बाकावर बसलेले.

"काय गळतंय?" त्यांनी विचारलं.

"कपलिंग," मी म्हणालो. "चला की आप्पा. वरून जाळी धरायला माणूस पाहिजे."

ते बाकाला हात टेकून अर्धे उठले. मग मान वर करून आठव्या मजल्याच्या गॅलरीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. तरी खाली बसले.

"न्हाई रं. घरी शब्द दिलाय," ते म्हणाले. "जा तू. पाणी वाया चाललंय."

मी त्यांची पेटी उचलली आणि लिफ्टकडे गेलो.