सातव्या मजल्याचं कार्ड

अगं, ये ना अशी जवळ. नेहमी दारातूनच पळतेस! नव्या घराची लिफ्ट कार्डाशिवाय हलत नाही, असं परवा मोठ्या तोऱ्यात सांगत होतीस. आता माझंही ऐक. अशाच एका लिफ्टची केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशकात फौजदार होते. गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी सकाळीच ठाण्यात आले, हातात कॉम्प्युटरचा कागद. "मॅडम, चोर सापडलाय. फक्त उचला!"

सातव्या मजल्यावरच्या घरातून बांगड्या गेल्या होत्या. घरचे लग्नाला गेलेले, किल्ली कामवालीसाठी बाहेर चपलांच्या कपाटात. त्या लिफ्टमध्ये कार्ड टेकवलं की नाव आणि वेळ नोंदली जाई. कागदावर आदल्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी नाव होतं त्या घरच्या कामवालीचं.

बाई इगतपुरीकडची, पन्नाशीची. समोर बसवलं.

"कार्ड तुझं?"

"नाव माझंच हाय."

"मग लिफ्टनं वर गेलीस?"

ती सेक्रेटरींकडे बघत पदर चावत बसली. गुन्ह्यात एकदा नाव आलं असतं, तर तिला नाशकात एकाही घरानं दारात उभं केलं नसतं. पण गप्प बसणारा प्रत्येक माणूस चोर नसतो गं. तो कुणाला भितो, ते आधी बघावं. मी सेक्रेटरींना चहाला पाठवलं.

मग बाई बोलली. "लिफ्टमधी पाय नाय ठेवू देत आमाला. कार्ड नावापुरतं, सोसायटीच्या सुपरवायझरच्या खणात असतं. मी जिन्यानंच जाते. त्या टायमाला काम उरकून चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या दारात भाकरी खात होते."

आजींकडे मी स्वतः गेले. त्या माझ्यावरच कडाडल्या, "रोज गुडघे धरून बसते इथं, कालही एकला इथंच होती! लिफ्ट मिळाली असती तर माझ्या उंबऱ्यात कशाला थांबली असती?"

जबाब घेतला आणि सेक्रेटरींकडून सबंध महिन्याची नोंद मागवली. त्यांनी आणला होता एकाच दिवसाचा कागद. बाई रोज कामावर, पण कार्डाची नोंद महिन्यात एकदाच. त्या दुपारची! खणाची किल्ली सुपरवायझरकडे. तो कागद पुढ्यात ठेवल्यावर तासाभरात कबूल झाला. पंचांसमोर बांगड्या त्याच्या स्कूटरच्या डिकीतून निघाल्या.

साहेबांनी शाबासकी दिली. पण मला खरा अभिमान याचा, की त्या बाईचं नाव आरोपी म्हणून एकाही कागदावर आलं नाही. पुढे प्रत्येक नव्या शिपायाला मी सांगायचे, यंत्रानं नाव सांगितलं तरी कार्ड कुणाच्या हातात होतं ते माणसांनाच विचारा.

सेक्रेटरी ओशाळून तिला म्हणाले, "मावशी, उद्यापासून लिफ्टनं जा."

"हे कार्ड चौथ्याला थांबतंय का?"

"नाही, फक्त सातव्याला."

"मग ऱ्हाऊ द्या. आजी वाट बघत्यात."

मीही तुझी अशीच वाट बघते गं. पुढच्या खेपेला चांगली दोन दिवस राहायलाच ये.