गाडी का थांबवली?

ऑफिसात माणसं चार असली तरी किस्से चाळीस होतात. त्यात आमची संस्था आंतरराष्ट्रीय! सगळ्यात वरचे साहेब परदेशात, मधले दिल्लीत आणि खालचे आम्ही. काम खाडीचे बांध राखायचं. एक ऑफिस पेणला, एक रोह्याला. मी रोह्याच्या गाडीचा ड्रायव्हर. नववीत शाळा सोडलेली, त्यात स्वभाव बुजरा, म्हणून बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. ड्रायव्हरला कान नसतात असं समजूनच माणसं गाडीत बोलतात!

यंदाचे किस्से मात्र एका मेलच्या धाकात घडले. रोह्याचं ऑफिस बंद करायचा विचार आहे, डायरेक्टर मॅडम दिल्लीहून स्वतः येऊन बघतील आणि ठरवतील, असं त्यात लिहिलं होतं. ऑफिस गेलं की गाडी गेली. गाडी गेली की मी गेलो.

* * *

आमचे प्रशासन अधिकारी दामले सर पेणच्या ऑफिसातले. मेल आल्यापासून ते नियमांची फाइल जेवतानाही सोडेनात. पहिला नियम निघाला तो आग लागल्यावर बाहेर पडायच्या सरावाचा. पेणचं ऑफिस जोहे गावाच्या रस्त्याला, गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर. त्या दिवशी मीही गाडी घेऊन तिथेच होतो. घंटा वाजली, आम्ही जिना उतरून धावलो. पण ज्या अंगणात जमायचं तिथे मूर्ती वाळत ठेवलेल्या! कारागीर ओरडला, "ओ साहेब, पाय नका ठेवू, रंग ओला हाय!" सराव संपेपर्यंत आम्ही जिन्यावरच.

सरांनी जे खरं तेच कळवलं: जमायच्या जागी आधीच दीडशे जण होते.

दिल्लीहून विचारणा आली, "त्यांनाही सुखरूप हलवलं ना?"

बांधांची पाहणी करणारे म्हात्रे काका म्हणाले, "कळवा त्यांना, चतुर्थीला सगली आपापल्या घरी जातील!"

* * *

हे काका धरमतर खाडीकडचे, बापजादे मिठागरात राबलेले. वार्षिक फॉर्ममध्ये त्यांना प्रश्न आला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

काका म्हणाले, "बांध टिकला तर घरात. नाय टिकला तर छपरावर."

सर म्हणाले, "अहो म्हात्रे, इथे ध्येय लिहायचंय!"

"मंग लिवा, छप्पर पक्कं करायचं!"

मी त्याच प्रश्नाखाली नुसतं 'रोहा' लिहिलं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

* * *

गाडी कुठवर पोचली हे ड्रायव्हरने वाटेत कळवायचं असाही नियम आहे. एकदा रोह्याच्या वाटेवर निडीजवळ मोबाइलची रेंज गेली. तासभर माझा मेसेज नाही म्हणताना सरांनी फाइल उघडली आणि गाडी बेपत्ता असल्याचं थेट दिल्लीला कळवलं!

दिल्लीने विचारलं, "ड्रायव्हर तणावाखाली होता का?"

सर काकांना म्हणाले, "आम्ही सगळेच आहोत, असं लिहू का?"

* * *

मॅडम यायच्या आदल्या दिवशी रोह्याला रंगीत तालीम. सर दारातून आत येत म्हणाले, "समजा, मीच मॅडम."

काका म्हणाले, "मंग चपला भायेर काढ गो बाय, लादी आत्ताच पुसलीय!"

* * *

आणि मग तो दिवस. पेणहून निघालो. मॅडम पुढे माझ्या शेजारी, सर आणि काका मागे. नागोठणं सोडलं आणि फोटो काढायला मॅडमनी सीटचा पट्टा सोडला.

आमच्या संस्थेत पट्ट्याशिवाय गाडी हलत नाही. बसणारा कितीही मोठा असो, गाडीत हुकूम ड्रायव्हरचा. पण हे मॅडमना सांगणार कोण? मी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि समोर बघत बसलो.

"व्हाय?" मॅडम म्हणाल्या.

मी माझ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मॅडमनी पट्टा लावला. खट्!

पाठोपाठ मागच्या सीटवरून आणखी दोन. खट्! खट्!

रोह्याला पोचलो. पण गाडी मध्येच थांबली की फॉर्म भरायचा आणि त्यावर गाडीतल्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याची सही घ्यायची, हासुद्धा नियमच. 'गाडी का थांबवली?' या रकान्यात मी खरं ते लिहिलं: मॅडमनी पट्टा सोडला.

सर कुजबुजले, "संतोष, वेडा आहेस का? ज्यांची तक्रार, त्यांचीच सही? आज ऑफिसचा फैसला आहे! फाड तो कागद!"

तेवढ्यात मॅडमनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी वाचला. खाली सही केली. शेवटचा रकाना रिकामा होता: 'पुन्हा असे घडू नये म्हणून काय करावे?' थोडा विचार करून त्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि त्या बांध बघायला काकांबरोबर बाहेर गेल्या.

सरांनी मला ती मराठीत वाचून दाखवली. "डायरेक्टरला सवय लागेपर्यंत दर तीन महिन्यांनी रोह्याला, याच गाडीतून आणावे."

सरांनी ती ओळ तीनदा वाचली. मग म्हणाले, "संतोष, पळ, याची झेरॉक्स काढून आण. नाही, दोन आण!"