दहा किलोंचा सराव

हिमालयातल्या ट्रेकचं सायक्लोस्टाइल पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, महिनाभर पाठीवर दहा किलो घेऊन चढ चढा. बल्लारपूरसारख्या सपाट गावात चढ आणायचा कुठून? मी कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून होतो. चढ होता तो खाणीतून वर येणारा. ड्युटी संपली की सॅकमध्ये दगड भरून मी खाली उतरायचो आणि कामगारांबरोबर वर यायचो.

एकदा बिघडलेलं ड्रिल मशीन खांद्यावर घेऊन वर निघालेल्या कामगारानं विचारलं, "बाबू, दगडं काऊन वाहून राह्यले?"

"पहाड चढायचा आहे. सवय पाहिजे."

"मंग दगडं ठेवा अन् हे घ्या."

मी चिडून सॅक उतरवली आणि मशीन घेतलं. वीस पावलांत खाली ठेवलं. त्यानं ते उचललं आणि दुसऱ्या खांद्यावर माझी सॅकही घेतली.