मोर्णेत सोडलेली पोथी

माझ्या नातवंडांनो,

तुमच्यातल्या थोरल्याचं विलायतेहून पत्र आलं. तो तिकडच्या विद्यापीठात तिबेटी भाषा शिकू लागला आहे आणि विचारतो, आपल्या घरात या भाषेचं नाव तरी कुणी ऐकलं होतं का? ऐकलं होतं. ते सांगू शकेल अशी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

मी आठेक वर्षांची असेन. अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. कापूस खरेदीला अकोल्यात आलेला एक साहेब दर रविवारी आमच्या ओसरीवर येई. कोटाला कापूस चिकटलेला, आणि काखेत दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेली लांबट पोथी. तरुणपणी हिमालयात राहून तो तिबेटी शिकला होता. माझे वडील संस्कृतचे शास्त्री होते.

ती पोथी मुळात संस्कृतातली, बौद्धांची. आपल्याकडची मूळ प्रत कधीच नाहीशी झाली. तिबेटी भाषांतर तेवढं राहिलं. तिकडच्या भाषांतरकारांनी प्रत्येक संस्कृत शब्दाला एकच ठरलेला शब्द वापरला होता. साहेब ओळ वाचून अर्थ सांगे, वडील त्यावरून मूळ शब्द शोधून वृत्तात बसवत. चरण जुळला की वडील मांडीवर थाप मारून म्हणत, "बसला." पानाचं दुसरं टोक मी धरून बसत असे.

माझी विधवा आत्या आमच्याकडेच असे. ती साहेबाला दारातूनच विचारी, "कापूस घ्याले आला का पोथ्या वाचाले?"

"दोन्ही," साहेब हसून म्हणे. "पण पगार कापसाचा मिळतो."

तो गेला की आत्या पोथीवर फूल ठेवी. वडील म्हणत, "बाई, ती आपल्या देवाची नाही."

"कोणाची का असंना. पोथी ते पोथीच."

लढाई संपली, भाव कोसळला, खरेदीदार निघून गेले. पोथीसाठी साहेब मागे राहिला आणि त्याच पावसाळ्यात तापाने गेला. पोथी आमच्या घरीच होती. पहिला अध्याय तेवढा झाला होता.

आत्या वडिलांना म्हणाली, "बाबू, तुले वाचता येते का ते?"

"नाही येत."

"मंग काहून ठेवतं घरात? न वाचलेली पोथी घरात ठेवू नये."

वडिलांनी पोथी पुन्हा कोनाड्यात ठेवली. साहेबाच्या पेढीची मोठी कचेरी अमरावतीला होती. त्याचे तिबेटी जाणणारे गुरू आता विलायतेत होते; त्यांचा पत्ता तिथे मिळेल, मग पोथी त्यांच्याकडे पाठवून काम पत्राने पुढे नेऊ, असं वडिलांच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला गेले. कशासाठी, ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. त्या काळी पुरुष सांगत नसत.

जीर्ण किंवा अनाथ पोथी वाहत्या पाण्यात सोडायची, ही आपली रीत. आत्याने स्नान केलं, पोथीला फुलं वाहिली, आणि मला बरोबर घेऊन मोर्णेवर गेली. नदी भरून वाहत होती. तिने एकेक पान हात जोडून सोडलं. त्या कागदाला वाळवी लागत नाही, तो तिकडच्या विषारी मुळांचा करतात, असं साहेब सांगे. पानं बराच वेळ बुडाली नाहीत, तरंगत पुलाकडे गेली. फळ्या मात्र तिने परत आणल्या; लाकूड चांगलं होतं.

वडील परतले ते पत्ता घेऊनच. कोनाडा रिकामा दिसला. आत्याने समाधानाने सगळं सांगितलं. 

"बरं केलंस, बाई," वडील एवढंच म्हणाले, आणि पत्त्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्या पोथीत काय होतं, ते त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. आपल्या हातून पुण्य घडलं, असं समजूनच आत्या गेली. वडिलांच्या तोंडून "बसला" हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

एक फळी आत्याने पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरली. ती पुढे तडकली. दुसरी माझ्याकडे आहे. तिच्याखाली वडिलांच्या अक्षरातला पहिला अध्याय आहे. बाकी काही नाही.