सोनाबाईच्या शेंगा

माझ्या नवऱ्याला मी माझ्याबद्दलचं सगळं सांगितलंय, असं तो शेवटपर्यंत समजत होता. हे नव्हतं सांगितलं. मुलींना नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढं बाजूला सारूनच जोडते — आता बोला! मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय. समोर बघून सांगायचा धीर माझ्यात तेव्हाही नव्हता.

तसं मी काही चोरलं नाही, कुणावर हात उचलला नाही. बोलले फक्त. पण थांबा — असं एकदम नाही सांगता यायचं.

आमचं गाव शिराळ्याजवळ. बहात्तरच्या दुष्काळानंतर डेन्मार्कहून एक मुलगी आमच्याकडं आली. इंगर तिचं नाव. पोरांची वजनं करायची, दुधाची पावडर वाटायची, एवढं तिचं काम, आणि तेही फुकट. घरदार सोडून सातासमुद्रापलीकडं फुकट काम करायला कोण येतं, याचं अख्ख्या गावाला नवल. आबा, म्हणजे माझे वडील, गावात मानाचे. म्हणून तिची राहायची सोय आमच्या परसातल्या खोलीत झाली. मी सांगलीला मामाकडं राहून मॅट्रिक झालेली, मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. तेव्हा इंगर काय म्हणते ते गावाला सांगायचं आणि गाव काय म्हणतं ते इंगरला, हे काम माझ्याकडं आलं. काय ऐट होती माझी तेव्हा! गोरी बाई माझ्याशिवाय एक पाऊल टाकत नव्हती.

आणि खायची हौस तरी किती त्या पोरीला! बाजारच्या दिवशी शिराळ्याला जायचं म्हणजे सकाळपासून हिचं चाललेलं — चल, चल. पापाभाईंच्या बेकरीत खारी भट्टीतून निघायची वाट बघत उभी राहायची. भडभुंज्याकडं गरम चिरमुरे ओंजळीत घ्यायची. एकदा तेलाच्या घाण्यावर शेंगदाण्याची ताजी पेंड उचलून तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळत बसली. मी म्हटलं, अगं बाई, ही आम्ही म्हशीला घालतो! तर म्हणाली, तुमच्या म्हशी नशीबवान आहेत. आईच्या हातचा खरडा खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी ताट पुढं करायची. आई तिला चुलीपाशी बसवून वाढायची. ही पोरगी तिकडं काय काय खात असेल, हे आईला काय माहीत नव्हतं? पण पाहुणी म्हणून सगळं चालून गेलं.

सोनाबाई कुणाला चालत नव्हती. आमच्याच गावची, मातंग वस्तीतली. तेव्हा सगळे मांगवाडा म्हणायचे, मीही म्हणायची. बाजाराच्या पार टोकाला ती उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन बसायची. वाळल्या शेंगा असत्या तर आमच्या लोकांनीही घेतल्या असत्या, कोरड्याला काही होत नसे. पण पाण्यात शिजवलेलं, तेही तिच्या हातचं? तिच्या वस्तीतली माणसं घ्यायची, नाहीतर एसटीतून उतरलेली परगावची, ज्यांना ती कोण ते ठाऊक नसे. इंगरला तरी कुठं ठाऊक होतं? ती गेली, पाटीपाशी उकिडवी बसली आणि पसाभर शेंगा खाऊन मोकळी झाली. दर बाजारी मग तेच. ह्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी हसून हसून लोटपोट व्हायच्या. सोनाबाई शेंग सोलून तिच्या हातावर दाणे ठेवायची. मी दोन हात लांब उभी. मला ते बघवत नव्हतं. हो, जळायचे मी. आईनं एवढं रांधून घातलं तरी इंगरचा चेहरा असा फुलायचा नाही.

पुढं इंगरला खोकला झाला. जाईना. एका बाजारी सोनाबाई मला म्हणाली, “आक्कासाब, बाईस्नी म्हणावं, येकदा माज्या घरला जेवाय या. हुलग्याचं माडगं करून घालते. खोकला कुठल्या कुठं जाईल बगा.”

एवढंच. आणि तिची मान किती ताठ होती म्हणता हे बोलताना! भोवतालच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. इंगरला ‘जेवाय’ हा शब्द कळत होता. तिनं टाळीच वाजवली आणि माझ्याकडं वळली — विचार तिला, कधी येऊ?

दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

तेव्हा माझं लग्न ठरत होतं. लोणंदचं स्थळ, पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार होते. मांगवाड्यात जेवून आलेली बाई आमच्या चुलीपाशी बसते हे त्यांच्या कानावर गेलं तर? हे सगळं त्या क्षणी मनात आलं, हे खरं. पण ‘बाईंना सवड नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं की नाही? मी तसं का नाही म्हटलं? कितीदा विचारलंय स्वतःला. पुन्हा विचारेल म्हणून? का तिची ती ताठ मान — नाही, सांगायला बसलेच आहे तर नीट सांगते. ती मानच मला खुपली.

मी सोनाबाईला म्हटलं, “बाई म्हणतात, तुझ्या हातचं त्यांना चालत नाही.”

बाई गं! किती सहज निघालं तोंडातून. आवाजसुद्धा हलला नाही. आजही आठवलं की वाटतं — ती मीच होते?

सोनाबाईला आधी खरंच वाटेना. “पन शेंगा तर खाल्ल्या की बाईंनी!”

“तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. आता कळलंय.”

ती इंगरकडं बघत राहिली. इंगर बिचारी अजून हसतच होती, कुठला दिवस ठरतोय याची वाट बघत. मग सोनाबाई हळूच म्हणाली, “त्येंच्यातबी आसतंय व्हय आसलं?” आणि पाटीवरचं फडकं ओढून घेतलं.

इंगरला मी काय सांगितलं? सांगितलं, की तुझी समजूत चुकली, ती जेवायला बोलवत नाहीये; ह्या लोकांत बाहेरच्या देशाचं माणूस घरात घेत नाहीत, त्यांना विटाळ होतो. आपला विटाळ सोनाबाईच्या माथी मारला. इंगरचा चेहरा असा पडला, जणू कुणी थोबाडीत दिली.

पुढच्या बाजारी इंगरनं तरीही जाऊन ओंजळ पुढं केली. सोनाबाई माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा मी म्हटलं, तुझं मन राखायला घेतात, खायच्या नाहीत, शिवू नकोस. सोनाबाईनं हात मागं घेतला, पदर सावरला आणि वरूनच, न शिवता, शेंगा तिच्या ओंजळीत सोडल्या. आम्हाला द्यायची वेळ आली तर द्यायची तसंच. इंगरनं मला विचारलं, मी घाण आहे का? मी म्हटलं, मनावर घेऊ नकोस, त्यांची रीत आहे. त्यानंतर ती बाजारात त्या टोकाला गेली नाही. सोनाबाईला अवघडायला नको म्हणून, असं म्हणायची. आणि इकडं सोनाबाई ती दिसली की तोंड फिरवायची, बाईंना आपली सावली नको म्हणून. दोघींना सांगणारी मध्ये एकटी मी होते. एका वाक्यात मिटलं असतं. पण लोणंदचं स्थळ जमलं, साखरपुडा झाला, आणि मी गप्प बसले.

इंगर परत निघाली तेव्हा स्टँडवर आम्ही सगळे होतो. एसटी लागली. इतक्यात सोनाबाई आली, लांबूनच. हातात फडक्याची पोटली. ती तिनं इंगरच्या पुढ्यात फरशीवर ठेवली आणि चार पावलं मागं सरकून मला म्हणाली, “कच्च्या शेंगा हायती म्हणावं, आक्कासाब. पानी लावलं न्हाई, चुलीवर ठिवल्या न्हाईत. आता तर चालत्याल न्हवं बाईस्नी?”

इंगरनं पोटली उचलली. सोनाबाईकडं जावं म्हणून एक पाऊल टाकलं आणि थबकली. तिला विटाळ होईल म्हणून! मीच शिकवलं होतं ना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला म्हणाली, तिला विचार, माझं काय चुकलं होतं?

मी सोनाबाईकडं वळले. म्हटलं, “चालतील म्हणतात.”

सोनाबाईनं दोन्ही हात जोडले. रडायलाच लागली ती, आनंदानं. “लय उपकार झालं,” म्हणाली — मला म्हणाली.

इंगरला मी सांगितलं, तुझं काही चुकलं नाही म्हणते. तेवढं एक वाक्य खरं होतं, आणि तेही सोनाबाईचं नव्हतं.

गाडी गेली. सोनाबाई वस्तीकडं निघाली. ती पुढं वीस-बावीस वर्षं जगली. माहेरी गेले की वाटेत भेटायची, बाईंची खुशाली विचारायची, आणि मी म्हणायची, बाई बऱ्या आहेत.

त्या दिवशी स्टँडवरून घरी आले. आईनं पान वाढलं. मी जेवले. पोटभर जेवले.