गोड बोलल्याची एक मूठ

माझा आवाज मोठा आहे हे मला तोंडावर कुणी कधी सांगितलं नाही. साकोली तालुक्यातल्या एका गावात मी सरकारी नर्स होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. तिथं एखाद्या गरोदर बाईला मी लोहाच्या गोळ्या का घेतल्या नाहीस असं विचारायला लागले, की तलावाच्या पाळीवर धुणं धुणाऱ्या बायकांनाही आपापल्या गोळ्या आठवायच्या.

रागावणं हा मी नोकरीचाच भाग समजत होते. नुकताच नसबंदीच्या मोहिमेचा काळ होऊन गेला होता. गावात नर्सबाई शिरली की माणसं मागच्या दारानं धानाच्या बांधीकडे निघून जात. गोड बोलून त्यांना परत आणता येत नव्हतं. मी अंगणात उभी राहून ओरडायची, मग शेजारणी गोळा व्हायच्या, आणि शेवटी लाजेकाजेनं का होईना, घरातली सून पुढे यायची. इंजेक्शन टोचून झालं की मी पुढच्या अंगणात जायची. लोक मला घाबरत होते, पण बोलावतही होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

रविवारची गोष्ट वेगळी होती. आसपासच्या गावांत मिळून आम्ही ख्रिस्ती माणसं एवढी थोडी होतो की सगळे दोन बैलबंड्यांत मावलो असतो. उपासना आमच्याच घरी व्हायची. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे सतरंजी आणि घंटा दोन्हींची सोय होती. महिन्यातून एकदा भंडाऱ्याहून पाळकसाहेब एसटीनं यायचे, आणि त्यांच्याबरोबर पाळकीणबाई. त्या बायकांची वेगळी सभा घ्यायच्या.

आमच्यात मुठीच्या तांदळाची चाल होती. रोज भात टाकताना बाईनं त्यातले मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात ठेवायचे. सणाच्या वेळी सगळ्यांची मडकी एकत्र रिकामी करायची आणि ते तांदूळ एखाद्या विधवेच्या घरी पोचवायचे. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी, लेंटच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले तेव्हा पाळकीणबाईंनी त्यात एक भर घातली. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, मृदू उत्तरानं राग निवतो हा भाग त्यांनी वाचून दाखवला. मग म्हणाल्या, कोणी लेंटमध्ये मटण सोडतं, कोणी चहा सोडतं, यंदा आपण कडू बोलणं सोडू. तोंडून टोचणारा शब्द गेला, की रोजच्या मुठीवर आणखी एक मूठ. हे सांगताना त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, फक्त माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यामुळे बाकीच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

पहिल्या आठवड्यात माझं मडकं गळ्यापर्यंत भरलं. मास्तर म्हणाले, दुसरं मडकं आणून ठेवू का? त्यावर मी जे उत्तर दिलं त्याची एक मूठ टाकायला मडक्यात जागा नव्हती, म्हणून ती ताटलीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोठं मडकं आणलं.

पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी उत्तर देण्याआधी मनात पाच अंक म्हणायला लागले. आवाज खाली आणला. ‘कशाला मरायला’ हे शब्द वाक्यांतून काढून टाकले. रोज साठ पेशंटशी बोलणाऱ्या बाईला हे सोपं नाही. गावाला तर ते अजिबात पचलं नाही. एका म्हाताऱ्यानं मास्तरांना रस्त्यात थांबवून विचारलं, बाईची बदली झाली का. एकीला वाटलं मला दिवस गेले. आमची दवाखान्यातली दाई, जी पाणी भरायची आणि बाळंतपणाला माझ्याबरोबर यायची, तिनं कुणालाही न विचारता माझी दृष्ट काढली. मी तिच्यावरही रागावले नाही. मडक्यातल्या तांदळाची पातळी रोजच्या मुठीपलीकडे वाढेना. मला स्वतःचं फार कौतुक वाटायला लागलं, आणि कौतुकाला काही दंड ठरलेला नव्हता.

अशात एक दिवस एकोडी गावापलीकडच्या टोलीवरून, म्हणजे लहानशा वस्तीवरून, एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. पोरीला आठवा महिना होता. पहिलटकरीण. चेहरा सुजलेला, पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं. मी ब्लडप्रेशर बघितलं, ते फार चढलेलं होतं. तिची लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली, तर ती नासलेल्या दुधासारखी फाटली. याचा अर्थ कुठल्याही नर्सला कळतो. अशा बाईला झटके येऊ शकतात, आणि घरी झटके आले तर बाई आणि बाळ दोन्ही जातात. तिला त्याच दिवशी भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं.

एरवी मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी उठून उभी राहिले असते, सासूच्या सात पिढ्यांचे कान उपटले असते आणि दोघींना तशाच दवाखान्याबाहेर काढून एसटीत बसवलं असतं. त्या दिवशी मी मनात पाच अंक म्हटले. मग हसून, खालच्या आवाजात म्हटलं, ‘माय, हिले भंडाऱ्याले दाखवलं तं बरं होईल. जमन तशी न्या, पन लवकर न्या.’

सासू माझ्याकडे बघत राहिली. ‘किती गोड बोलता जी बाई आज,’ ती म्हणाली. पोरीचा हात धरून ती निघून गेली. मी दारात उभी राहून त्यांना जाताना बघितलं आणि शास्त्रातलं वचन कसं अनुभवास येतं, याचा विचार करत हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाई पाणी घेऊन आली. घागर ठेवता ठेवता सहज म्हणाली, की टोलीवरच्या सासूबाई काल बाजारात सगळ्यांना सांगत होत्या, सुनेला काही झालेलं नाही. मी विचारलं, असं कोण म्हणालं. दाई म्हणाली, ‘तुमीच. बाई चिडली नाही, म्हनजे काही नाही.’

सून आता कुठे आहे, मी विचारलं. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं ज्याची त्यानं वेचायची असतात, उशीर केला तर गुरं खातात. सासू पहाटेच सुनेलाही फुलं वेचायला घेऊन गेली होती.

मास्तर शाळेत निघाले होते. मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले आणि म्हटलं, टोलीवर चला. वाटेत मी मोठ्यानं बोलायची तयारी करत होते. त्या म्हातारीला काय काय सुनवायचं ते मी एकेक करून म्हणून बघत होते, आणि सायकल खड्ड्यात गेली की पहिल्यापासून सुरुवात करत होते. बऱ्याच वेळानं मास्तर पुढे बघतच म्हणाले, ‘लेंट चालू आहे.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ते पायडल जोरात मारायला लागले.

टोलीच्या अलीकडेच मोहाची झाडं होती. पोरगी झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. पुढ्यात टोपली, त्यात थोडीशीच फुलं. चेहरा कालच्यापेक्षा जास्त सुजलेला. मला बघून ती हसली आणि म्हणाली, ‘यंदा मोह गजब पडला जी बाई. एका जागी दोन-दोन दिसून राहिले.’

मी जमिनीकडे बघितलं. मोह बेताचाच पडला होता. पोरीला एकाचे दोन दिसत होते. झटका यायच्या आधी असं होतं.

सासू पलीकडच्या झाडाखालून उठून आली. माझा चेहरा बघून ती काय ते समजली, आणि मी तोंड उघडायच्या आधी तीच ओरडायला लागली. भंडाऱ्याला नेणार नाही म्हणजे नाही. तिथं पोट फाडतात. आपली थोरली लेक अशीच नेली होती, बंडीत बसून गेली आणि बंडीत झाकून आली. तुम्हा लोकांना काय, तुम्ही कागद लिहिता आणि घरी जाता. ती एवढ्या मोठ्यानं ओरडत होती की आजूबाजूची वेचणारी माणसं थांबली. तिच्या ओठांना कापरं भरलेलं होतं.

माझ्याकडे दोन मैलांच्या वाटेवर तयार केलेलं सगळं उत्तर होतं. ते तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात देणंही मला जमलं असतं. पण तिचं ते कापणारं तोंड बघताना मला कळलं, की ही माझ्यासारखीच ओरडते आहे. मीही आयुष्यभर अशीच ओरडत आले होते. पोरी हातातून जातील या धास्तीनं. त्या धास्तीला मी शिस्त म्हणत होते. आणि काल आवाज खाली आणला तेव्हा आवाजाबरोबर ती धास्तीही लपवून टाकली होती, आणि या बाईला काहीच कळू दिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

मी खाली बसले, पांढऱ्या साडीनिशी, मोहाच्या फुलांवर. सासू माझ्यासमोर उभीच होती.

‘माय,’ मी म्हटलं, ‘मले भेव लागून राहिलं. कालपासून लागून राहिलं. काल मी तुमाले सांगतलं नाही, ते चुकलं माहं.’

ती ओरडायची थांबली. मग तीही माझ्यासमोर खाली बसली. ‘तुम्ही’ म्हणणं तिच्या तोंडून गळून पडलं. ‘तुले भी भेव लागते?’ तिनं विचारलं.

‘लागते,’ मी म्हटलं. ‘नेऊ या तिले. मी संग येतो. परत येवस्तोवर तिथून हलत नाही.’

तिनं पोरीच्या पुढ्यातली टोपली उचलली, वेचलेला मोह जमिनीवर उपडा केला आणि मुलाला हाक मारून बंडी जुंपायला सांगितलं. मास्तर शाळेला उशिरा पोचले. त्यांनी रजिस्टरवर कारण काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही.

बंडीनं डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीनं आम्ही गेलो. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय सासूच्या मांडीवर. भंडाऱ्याच्या अलीकडचा कारध्याचा पूल लागला तेव्हा मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, आणि ती अजिबात मृदू नव्हती. पहिला झटका दवाखान्यातल्या खाटेवर आला, डॉक्टर समोर असताना. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, एवढीशी. मी कबूल केल्याप्रमाणे तिथून हलले नाही. त्याबद्दल माझ्या वरिष्ठांनी मला जे सुनावलं, ते ऐकताना पाळकीणबाई हव्या होत्या असं वाटलं. पोरगी आणि तिची पोरगी, दोघी महिन्याभरानं घरी आल्या.

ईस्टरच्या दिवशी सगळ्या बायका मडकी घेऊन आल्या. माझं सर्वांत जड होतं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पाळकीणबाई कौतुकानं म्हणाल्या, पण पुढचे आठवडे छान गेले म्हणे. मी म्हटलं, एक मूठ राहिली आहे, आणि घरातून तांदूळ आणून मडक्यात टाकले. त्यांनी विचारलं, कुणाला काय बोललात. मी सांगितलं, एका बाईशी फार गोड बोलले होते. मग सगळी हकीकत सांगितली. पाळकीणबाईंनी पदरानं डोळे पुसले, आमच्या स्वयंपाकघरात जाऊन एक मूठ आणली आणि स्वतःच्या मडक्यात टाकली. कशाबद्दल ते त्या बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी अगदी हळू बोलणारी झाले असं नाही. गोळ्यांवरून माझा आवाज पुढेही तलावाच्या पाळीपर्यंत जात राहिला, आणि मडकं दर लेंटला भरत राहिलं. पण खरोखर धास्ती वाटली की मी ओरडत नसे. खाली बसून, समोरच्याला सांगत असे की मला भीती वाटते आहे. टोलीवरच्या सासूनं ही गोष्ट सगळ्या गावांत करून टाकली होती. बाई चिडली तर घरी जा, बाई खाली बसली तर बंडी जुंपा, असं ती सांगत फिरायची.

माझी लाखांदूरकडे बदली झाली तेव्हा मला वाटलं, हे मागे राहील. तिथं रुजू होऊन महिना झाला असेल. चैत्रातलं ऊन होतं, चार गावं चालून मी थकले होते. एका घरी बाळंतिणीला बघायला गेले, ती उत्तम होती, बाळही उत्तम होतं. तहान लागली म्हणून मी ओसरीवर खाली बसले आणि पाणी मागितलं. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, तिच्या हातातला तांब्या कलंडला, आणि मागच्या अंगणातून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. तिचा मुलगा बंडी जुंपत होता.

मी त्यांना सांगितलं की मला नुसती तहान लागली आहे. मुलानं बैल सोडले. म्हातारीनं नवा तांब्या भरून आणला, पण माझं पाणी पिऊन होईपर्यंत सुनेचा हात काही सोडला नाही. भर उन्हात बैल जुंपायला लावले म्हणून मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘राहू द्या जी बाई, बैल तसेबी उभेच होते.’